जुन्या पल्सरचे ब्रेक आणि क्लच: काय बदललं, काय दुकानातच ठेवलं

माझी पल्सर २२० ही २०१४ सालची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या आधीची. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. एबीएस नसलेल्या गाडीत चाक जाम होऊ न देण्याची जबाबदारी चालवणाऱ्याच्या दोन बोटांवर. पुढे २६० मिलिमीटरची डिस्क, मागे २३० ची, क्लच तारेवरचा, इंजिन अजून ठणठणीत. विकायला काढली तर जो भाव सांगतात, तो ऐकला की माणूस गाडीच्या पुन्हा प्रेमात पडतो.

नागपूरच्या मानेवाड्याहून बुटीबोरीच्या एमआयडीसीत माझं रोजचं जाणं-येणं. सकाळी रिंग रोडचे सिग्नल, छत्रपती चौकातून वर्धा रोडला लागलं की जामठ्यापर्यंत बरं, मग ट्रकांची रांग. क्लच दाबून दाबून डाव्या हाताचं मनगट संध्याकाळी दुखायचं. शिवाय क्लच अगदी शेवटी पकडायचा, लिव्हर जवळपास पूर्ण सोडल्यावर. आणि जामठ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, पाचव्या गिअरमध्ये साठच्या वेगात असताना एकदम रेस दिली, की आरपीएमचा काटा टुणकन वर जायचा आणि वेग मात्र तिथंच. क्लच स्लिप होतोय हे ओळखायला याहून सोपी तपासणी नाही. खालच्या गिअरमध्ये ती नीट कळत नाही, कारण इंजिनवर तेवढा भारच येत नाही.

ब्रेकची तक्रार वेगळी. गावात काही जाणवत नव्हतं. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना, मागे बायको आणि दोन बॅगा, तेव्हा पुढच्या ब्रेकची लिव्हर हळूहळू मुठीच्या जवळ यायला लागली. दाबली की मऊ लागायची, दोनदा पंप केली की पुन्हा कडक. खाली पोचून चहा पिऊन निघालो तर ब्रेक जसाच्या तसा! ज्यांनी घाटात गाडी चालवली आहे त्यांना हे ठाऊक असेल. तापलेल्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्रेक ऑइलला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. थंड झालं की बुडबुडे विरतात आणि गाडी साळसूदपणे उभी राहते.

म्हणून एकदाच दोन्ही कामं काढायची ठरवली. आता गाडीला चांगलं काही लावायचं म्हटलं की मोबाईलवर जे दिसतं ते सगळं लाल, सोनेरी आणि चकचकीत असतं. मी एक नियम घालून घेतला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती काही दिवस चालवायची, मग पुढची. सगळं एकदम बदललं तर गाडी सुधारल्याचं कळतं, पण कशानं सुधारली ते कळत नाही. आणि बिघडली तर मग विचारूच नका.

आमचे मिस्त्री पन्नाशीतले, बोलतात कमी, पान जास्त खातात. त्यांच्यापुढे यादी ठेवली: क्लच प्लेटा, कडक स्प्रिंगा, नवी वायर, ब्रेडेड होज, मोठा मास्टर सिलिंडर, अॅडजस्टेबल लिव्हर, सिंटर्ड पॅड. यादी वाचून त्यांनी ती परत माझ्या हातात दिली.

“काहून एवढं करून राहिले भाऊ? पयले वायर तर पाहू द्या.”

क्लच उघडायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात, त्या त्यांनी उभ्या उभ्या बघितल्या. पहिली, लिव्हरचा प्ले. लिव्हरच्या बुडाशी, जिथं वायर तिच्यात शिरते तिथं, दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी. ती शून्य असेल तर लिव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही घसरतात. माझ्या गाडीत प्ले होता. दुसरी, इंजिनाच्या कव्हरवरचा क्लचचा आर्म लिव्हर सोडल्यावर झटकन परत येतो का. तोही येत होता, जरा रडतखडत. तिसरा प्रश्न तोंडी: “ऑइल कोणतं टाकता?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या क्लचचं तसं नसतं. म्हणून कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातली तरी तिथं फायदाच होतो. तेच ऑइल बाइकमध्ये टाकलं तर प्लेटा एकमेकींवरून निसटायला लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असा शिक्का बघायचा. ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल गिअरच्या स्कूटरमध्ये नाही, ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये जातं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कारचं उरलेलं महागडं ऑइल मुलाच्या बाइकला पाजलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून. पोरगं महिनाभर म्हणत होतं, गाडी ओढत नाही. माझं ऑइल एमए२ होतं, तेव्हा तो संशय मिटला. प्लेटाच संपल्या होत्या.

पण मिस्त्रींनी आधी डाव्या लिव्हरचा खिळा काढला आणि लिव्हरचं भोक माझ्यापुढे धरलं. भोक गोल राहिलंच नव्हतं. वर्षानुवर्षं ओढून ओढून ते लांबट झालेलं, आतलं पितळी बुश एका बाजूनं कागदासारखं पातळ. लिव्हर दाबली की पहिला काही हिस्सा या ढिलाईतच जायचा आणि वायर तिरकी ओढली जायची. वायरसुद्धा हॅन्डलच्या वळणाशी आवरणाच्या आत घासून बसलेली. हातात घेऊन आतली तार मागेपुढे ओढली तर खरखर लागत होती, आणि टोकाच्या शिशाच्या गोळीपाशी दोन तंतू तुटलेले.

तर पहिल्या फेरीत फक्त हेच: नवी लिव्हर कंपनीचीच, नवं बुश, आत टेफ्लॉनचं अस्तर असलेली नवी वायर, आणि तिचा मार्ग नीट. हा मार्ग म्हणजे अर्धं काम. वायर टाकीखालून जाताना तिला तीव्र वळण द्यायचं नाही, हॅन्डल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघायचं, आणि वळवताना इंजिनचा आवाज बदलतोय का ते ऐकायचं. बदलला तर कुठली तरी वायर ताणली जातेय. सगळं मिळून खर्च हजाराच्या आत. क्लच निम्मा हलका झाला म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण मनगटाचं दुखणं तिथंच थांबलं. स्लिप मात्र तशीच.

मग प्लेटांचं काम. इंजिन ऑइल काढून उजव्या बाजूचं कव्हर उघडलं. जुनं गॅस्केट कव्हरला असं चिकटलेलं की मिस्त्रींच्या पोऱ्यानं अर्धा तास नुसतं तेच खरवडलं, आणि तेही पितळेच्या पट्टीनं. स्क्रूड्रायव्हर घेतला असता तर अॅल्युमिनियमवर ओरखडा आणि पुढे कायमचा ऑइलचा पाझर. स्प्रिंगांचे बोल्ट एकेक करून एकदम पूर्ण काढायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे. ते बारके असतात आणि त्यांची मुंडी तुटली की रविवार गेला समजा.

आतलं दृश्य मला आवडतं. एक घर्षणाची प्लेट, एक लोखंडी, पुन्हा घर्षणाची, पुन्हा लोखंडी, अशी चळत. घर्षणाच्या प्लेटांचे बाहेरचे दात हाउसिंगच्या खाचांत बसतात, ते इंजिनबरोबर फिरतं. लोखंडी प्लेटांचे आतले दात हबवर, तो गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो. माझ्या घर्षणाच्या प्लेटांवरच्या खोबण्या जवळपास बुजल्या होत्या आणि व्हर्नियरनं मोजल्यावर जाडी मॅन्युअलातल्या मर्यादेच्या खाली. दोन लोखंडी प्लेटांवर निळसर डाग. लोखंड तापून निळं पडतं, आणि तापलेली प्लेट वाकलेलीही असू शकते. वाकडेपणा बघायला मिस्त्री काचेचा जाड तुकडा ठेवतात. त्यावर प्लेट टाकायची आणि कडेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतं का ते बघायचं. एकीखाली सरकलं.

इथं एक जागा आहे जिथं बरेच जण नव्या प्लेटा घालून कव्हर लावून मोकळे होतात आणि मग क्लच झटके देतो म्हणून ओरडतात. हाउसिंगच्या त्या खाचा. प्लेटांचे दात वर्षानुवर्षं त्यांवर आपटून बारीक घळी पाडतात. नव्या प्लेटेचा दात त्या घळीत अडकला की प्लेटा एकमेकींपासून सहज सुटत नाहीत, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकताना खट्‌ आवाज, आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही. माझ्या हाउसिंगवर घळी होत्या, पण नख जेमतेम अडकेल एवढ्याच. मिस्त्रींनी आत चिंधी कोंबून, बारीक कानशीनं, सगळ्या बाजूंनी सारखंच घासून त्या उतरवल्या. खोल असत्या तर हाउसिंगच बदलावं लागलं असतं. फार घासलं तर खाच रुंद होते आणि मग प्लेटा खडखडतात.

स्प्रिंगांवरून आमचा थोडा वाद झाला. दुकानात कडक स्प्रिंगांचा सेट मिळत होता, आणि घ्यावा असं मला वाटत होतं. मिस्त्री म्हणाले, “इंजिन तेवढंच आहे ना बाप्पा. ताकद वाढवून राहिले का? नाही. मग हाताला कायले सजा?” बरोबर होतं. कडक स्प्रिंग चळत जास्त दाबते, म्हणून वाढीव ताकदीच्या इंजिनात ती लागते. साध्या इंजिनात स्लिपचं कारण झिजलेल्या प्लेटा किंवा बसलेल्या स्प्रिंगा असतं. जुन्या स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजली, कमी भरली, कंपनीच्याच नव्या घेतल्या. मनगट वाचवायला एवढा खटाटोप केला आणि शेवटी कडक स्प्रिंग बसवून लिव्हर पुन्हा जड केली, याला काही अर्थ नव्हता.

नव्या घर्षणाच्या प्लेटा कोरड्या कधी बसवायच्या नाहीत. त्या मी आदल्या रात्रीच घरी नेऊन स्टीलच्या डब्यात इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. (तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही, हे सांगायला नको.) बसवून, नवं गॅस्केट लावून, ऑइल भरून गाडी सुरू केली. लगेच रेस करायची नाही. पहिले काही दिवस सिग्नलला अर्धा क्लच धरून उभं राहायचं नाही, एवढंच पथ्य. क्लच आता लिव्हरच्या मध्यावर पकडतो. जामठ्याच्या पुढे पाचव्यात रेस दिली की काटा आणि वेग दोघं बरोबर वर जातात.

आता ब्रेक. इथं दुकानदारांशी जास्त बोलावं लागलं, कारण चकचकीत माल जास्त याच खात्यातला.

मला जे सगळ्यात आधी विकायचा प्रयत्न झाला तो मोठा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबली की नळीत ब्रेक ऑइल ढकलणारा भाग. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, हा टाकला की ब्रेक एकदम कडक होतो.” कडक होतो हे खरं. पण कडक लिव्हर आणि जोरदार ब्रेक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास १४ मिलिमीटर आहे आणि तुम्ही १६ चा बसवला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं: १९६ आणि २५६. म्हणजे क्षेत्रफळ तीसेक टक्क्यांनी वाढलं. लिव्हरच्या त्याच हालचालीत जास्त ऑइल ढकललं जातं, म्हणून लिव्हर कमी आत येते, कडक लागते. पण बोटांचा जोर तोच असेल तर तो जोर आता मोठ्या क्षेत्रावर वाटला गेला, म्हणून नळीतला दाब जवळपास पाव भागानं कमी. कॅलिपरचे दट्टे जुनेच, मोठे झालेच नाहीत. मग त्याच ब्रेकसाठी बोटं जास्त आवळायची. चार दट्ट्यांचा मोठा कॅलिपर लावला असता तर मोठा मास्टर सिलिंडर लागला असता, कारण तिथं ढकलायचं ऑइलच जास्त. नुसता मास्टर बदलणं म्हणजे पैसे देऊन ब्रेक कमजोर करून घेणं. हा हिशोब मी काउंटरवरच बिलाच्या पाठीमागे करून दाखवला. मुलगा हसला आणि म्हणाला, “सर, आतापर्यंत कोणी विचारलं नव्हतं.”

दुसरी वस्तू रंगीत अॅडजस्टेबल लिव्हर. दिसायला झकास, बोटांच्या लांबीप्रमाणे जवळ-लांब होते, आणि ज्यांचे हात लहान आहेत त्यांना तिचा खराच उपयोग. मी जुनी लिव्हर खिशात घालूनच गेलो होतो. दोन्ही शेजारी ठेवल्या. ब्रेकच्या लिव्हरला आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला ढकलतो. नव्या लिव्हरचा उंचवटा किंचित जाड होता. डोळ्याला दिसेल न दिसेल असा, व्हर्नियर लावल्यावर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त.

एवढ्यानं काय होतं? ब्रेक ऑइलच्या टाकीच्या तळाशी, दट्ट्याच्या तोंडापुढे एक अगदी बारीक भोक असतं. लिव्हर पूर्ण सोडली की दट्ट्या मागे येऊन ते उघडं करतो. ब्रेक तापून ऑइल फुगलं की वाढलेलं ऑइल त्याच भोकातून टाकीत परत जातं. उंचवटा जाड असेल तर दट्ट्या कधीच पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेलंच राहतं. मग गाडी चालता चालता ऑइल तापतं, फुगतं, त्याला जायला वाट नाही, ते पॅडला डिस्कवर दाबतं, त्यानं आणखी तापतं. लिव्हरला हात न लावता पुढचं चाक जाम. वर्धा रोडवर ऐंशीच्या वेगात मला हा प्रयोग करायचा नव्हता. म्हणून कुठलीही बाहेरची लिव्हर लावली तर लिव्हरला दट्ट्याशी अगदी थोडी मोकळीक राहते ना ते आधी बघावं, मग ब्रेक लाइटचं बटण सुटतं-दाबतं का ते, आणि क्लचच्या बाजूला क्लचच्या स्विचचं. मी ती लिव्हर तिथंच ठेवली. चांगल्या मापाच्या मिळतात, पण मला कंपनीचीच पुरते.

घेतलं ते हे: पुढच्या ब्रेकसाठी ब्रेडेड होज, पॅडचा सेट, कॅलिपरचं रबर किट, तांब्याची वायसरं, आणि डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलची न फोडलेली बाटली. न फोडलेली हे महत्त्वाचं. गॅरेजात कोपऱ्यात अर्धी उरलेली बाटली असतेच, बूच अर्धवट लावलेलं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला सुटतं तसं. डॉट ४ ला कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळी फुटता कामा नये अशी अट आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच अट १५५ वर येते. डॉट ३ ची हीच दोन मापं २०५ आणि १४०. आमच्याकडे मे अखेरच्या नवतपात सावलीतच पारा पंचेचाळीसच्या वर, डांबर वेगळंच तापलेलं, आणि महिन्याभरात त्याच गाडीवर धो धो पाऊस. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं असं जे सांगतात, ते नागपुरात तरी ऐकावं. माझ्या टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. नवं जवळपास पाण्यासारखं, फिकट पिवळं. आणि डॉट ५ मोठा आकडा म्हणून आणू नका. ते सिलिकॉनचं, वेगळंच रसायन, यात मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच. आकडे असे ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.

पॅडच्या पाठीवर दोन अक्षरं असतात, तिकडं फारसं कुणी बघत नाही. पहिलं थंडपणी घर्षण किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्या वर. मी एचएच सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड मागत होतो. मिस्त्रींचं म्हणणं, धातूचे पॅड जुनी डिस्क लवकर खातात आणि सकाळच्या थंड ब्रेकला करकरतात. रोज बुटीबोरी करणाऱ्याला सेमी-मेटॅलिक बरे. त्यांनी डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजली. व्हर्नियर इथं फसवतो, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उरतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावरच टेकतात. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते. माझी तिच्या वर होती, पण फार वर नव्हती. जीजी पॅड घेतले.

होज बसवताना मी त्यांच्याजवळच बसलो. ब्रेडेड होज म्हणजे आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलच्या तारांचं विणकाम. रबरी नळी जुनी झाली की प्रत्येक दाबाला किंचित फुगते, आणि लिव्हरची हालचाल त्या फुगण्यात वाया जाते. लांबी ठरवताना गाडीचं पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण खाली सोडला, हॅन्डल दोन्हीकडे वळवून बघितलं. होज ताणलेला नको आणि टायरला घासणाराही नको. होज जोडणाऱ्या बांजो बोल्टला दोन वायसरं, जोडाच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि दरवेळी नवी. तांबं एकदा चेपलं की पुन्हा तसं बसत नाही. बोल्ट आवळायला मिस्त्रींनी टॉर्क पाना काढला, आणि मला बरं वाटलं; पोकळ बोल्ट असतो तो, जोर लावला की तुटतो.

कॅलिपरचे दट्टे बाहेर काढले तेव्हा चौकोनी कापाची रबरी कडी हातात आली. ब्रेक सोडल्यावर दट्टा मागे घ्यायला आत कुठलीही स्प्रिंग नसते, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. दाबताना ही कडी दट्ट्याबरोबर थोडी मुरडते आणि दाब सुटला की उलगडताना दट्ट्याला केसभर मागे ओढते. बस, तेवढ्यावर चालतं. म्हणून कडी कडक झाली किंवा तिच्या खाचेत मळ साचला की पॅड घासत राहतात. खाच दाताच्या जुन्या ब्रशनं साफ केली, कडीला नवं ब्रेक ऑइल चोपडून बसवली. सरकणाऱ्या खिळ्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं.

ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायला वेळ लागला. आख्खी लाइन रिकामी असताना नुसती लिव्हर दाबून ऑइल खाली येत नाही, नुसता फसफस आवाज. म्हणून आधी कॅलिपरवरच्या एअर काढायच्या निपलकडून मोठ्या सिरिंजनं ऑइल वर चढवलं, हवा आपोआप वर गेली. मग नेहमीची पद्धत: दाबा, धरा, निपल सोडा, निपल बंद, मग लिव्हर सोडा. पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, आणि टाकी मध्ये कोरडी पडू न देता. टाकीखाली ओलं फडकं, शेजारी पाण्याचा मग, कारण ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग सोलतो. पडल्या पडल्या पाणी ओतायचं. तरी लिव्हर थोडी स्पंजसारखी लागत होती. मिस्त्रींनी ती मुठीला रबरानं आवळून बांधली आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. मास्टर सिलिंडरजवळच्या बांजोत अडकलेले बारीक बुडबुडे रात्रीतून वर सरकतात आणि लिव्हर सोडली की टाकीत जातात. सकाळी लिव्हर घट्ट! एबीएसच्या गाडीत एवढ्यावर भागत नाही. ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या मोड्युलेटरमध्ये हवा गेली तर ती काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, तेव्हा तिथं टाकी कोरडी पडू न देणं आणखी महत्त्वाचं.

नवे पॅड पहिल्या दिवशी नीट पकडत नाहीत, त्यांना डिस्कवर बसवावं लागतं. पहाटे मिहानच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. साठपर्यंत न्यायची, एकसारख्या दाबानं वीसपर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, थोडं चालवून गार होऊ द्यायची, पुन्हा. पूर्ण थांबून लिव्हर धरून ठेवली तर तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी चिकटून थर सोडतो आणि पुढे ब्रेक धडधडतो. हळूहळू लिव्हरखाली पकड जमताना जाणवली. आधी दाबला की काहीच नाही आणि मग एकदम, असा ब्रेक होता. आता बोटानं जेवढं मागावं तेवढंच मिळत होतं.

थांबण्याचं अंतर कमी झालं का? कोरड्या रस्त्यावर, गार ब्रेकनं, फारसं नाही. आधीचा ब्रेकही पुढचं चाक जाम करू शकत होता, आणि चाक जाम होण्याच्या सीमेपलीकडे कुठलाच ब्रेक काही देत नाही. तिथून पुढे टायरचा अंमल. ब्रेडेड होजनं मिळालं ते हे, की ती सीमा जवळ आल्याचं बोटांना आधी कळतं. एबीएस नसलेल्या गाडीवर मला त्याची किंमत मोठी वाटते. घाटाचा प्रश्न मात्र होजनं सुटला नाही, तो ताज्या ऑइलनं सुटला. पुन्हा चिखलदरा केला, तीच बायको, बॅगा थोड्या जास्तच, आणि परतवाड्यापर्यंत लिव्हर जागची हलली नाही. यातलं एकच करायला पैसे असते तर मी ऑइल बदललं असतं, मग क्लचची वायर आणि बुश. होज त्यानंतर.

टायरचा विषय निघालाच म्हणून पुढच्या टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. शेवटचे दोन अंक होते १८. खोबण्या अजून दिसत होत्या, पण रबर नखाला दगडासारखं लागत होतं.

मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, “मी त्याच दिवशी पाह्यलं होतं. पण तुम्ही एका वेळी एकच म्हणून राहिले होते ना.”

टायर पुढच्या पगाराला. मागच्या डिस्कचं ऑइलही त्याच दिवशी बदलून घेईन, बाटली नवी फोडून.